जेवल्याशिवाय सोडायचं नाही

आमच्या पॅरिशच्या क्रीडा समितीच्या बैठकीला मी चहा-समोशासाठी जातो. यात लपवण्यासारखं काही नाही, बाकीचेही त्यासाठीच येतात. फरक एवढाच, की बाकीचे खाऊन गप्प बसतात आणि मला समोसा पोटात गेला की बोलायची उबळ येते.

त्या दिवशी विषय होता चर्चमागच्या बास्केटबॉल कोर्टाचा. संध्याकाळी सहा ते सात हा तास मुलींचा. बाकी सगळा दिवस मुलगे तिथे क्रिकेटपासून पतंगापर्यंत काहीही करतात, पण आता त्यांना हा एक तासही हवा होता. समितीचे अध्यक्ष फर्डिनंड यांनी तीस वर्षं एका कारखान्यात टाइमकीपरचं काम केलं आहे. कोणाचाही वेळ वाया जाताना दिसला की त्यांचा रक्तदाब वाढतो.

"मागच्या वर्षी चर्चच्या सणाला शेजारच्या गावाने आपल्या मुलींना शेहेचाळीस-चार असं हरवलं," ते म्हणाले. "शेहेचाळीस! एवढे पॉइंट द्यायला रोजची प्रॅक्टिस कशाला लागते? न खेळतासुद्धा देता येतात."

मागच्या बाकावर माझी मुलगी स्टेफी बसली होती. वय पंधरा, टीमची कॅप्टन. तिने मान खाली घातली. मला ते बघवलं नाही आणि तोंडातला समोसाही नेमका तेव्हाच संपला.

"मुलींचा दोष नाही," मी उठून म्हणालो. "त्यांना डिफेन्स शिकवलाच नाही कोणी. त्यांची कोच लग्न करून कॅनडाला गेली, तिच्या जागी कोणी आलं का? आमच्या कॉलेजच्या टीमचा डिफेन्स असा होता, की समोरच्याला बास्केट दिसायचीसुद्धा नाही."

"तुम्ही टीममध्ये होतात, गॉडफ्रे?"

"होतो तर!"

हे शंभर टक्के खरं होतं. टीममध्ये मी स्कोअर लिहायला होतो, पण ते मला कोणी विचारलं नाही.

पाच मिनिटांत ठराव लिहून झाला. यंदाच्या सणाच्या सामन्यात शेजारच्या गावाला वीस पॉइंटच्या आत रोखलं तर तास मुलींचाच राहील. वीस झाले की तास मुलग्यांचा. जिंकायची अट कोणी घातली नाही, तेवढी दया समितीला होती. प्रशिक्षक म्हणून माझं नाव लिहिलं गेलं आणि सणाला साडेतीन आठवडे उरले होते.

घरी आलो तेव्हा स्टेफी पायरीवर थांबली. "डॅडी, दिवसभर शाळा, मग क्लास, मग घरी येऊन परत अभ्यास. तो एक तास माझा आहे. तो गेला ना, तर मी त्या कंपाउंडमध्ये परत पाय ठेवणार नाही. रविवारच्या मिस्सालासुद्धा नाही."

आतून माझ्या आईने हे ऐकलं आणि पटकन क्रूसाची खूण केली.

त्या रात्री मी फोनवर डिफेन्सचे व्हिडिओ बघितले. एक टकला अमेरिकन चार मुलांना बास्केटभोवती चौकोनात उभं करतो. समोर दुसरे चार जण बॉल एकमेकांकडे फेकतात. बॉल ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर जवळच्या एकाने धावून जायचं, बाकीच्या तिघांनी बास्केटकडे सरकायचं, म्हणजे पहिला चुकला तर दुसरा मदतीला हजर. प्रत्येक फेकीला चौघांनी एकदम जागा बदलायची. आणि सारखं ओरडून एकमेकांना सांगायचं, मी इथे आहे, तू तिकडे जा. टकला म्हणत होता की मुका डिफेन्स म्हणजे डिफेन्सच नाही. बघायला हे सगळं इतकं सोपं होतं, की मी निर्धास्त झोपलो. पुढच्या साडेतीन आठवड्यांतली ती शेवटची चांगली झोप.

पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या. मी चौघींना चौकोनात उभं केलं, "सुरू" म्हणालो आणि बॉल फेकला गेला. चारही मुली बॉलमागे धावल्या. पलीकडच्या मुलीकडे बॉल गेला, तिच्याकडेही चारही धावल्या. बास्केटखाली चिटपाखरू नव्हतं. समोरची पाचवी मुलगी चालत आली आणि पेटीत पत्र टाकावं तसा बॉल टाकून गेली.

"बोला!" मी ओरडलो. "एकमेकींशी बोला!"

"काय बोलू, अंकल?" खुशीने विचारलं. खुशी हायवेकडच्या नव्या कॉम्प्लेक्समधली, अतिशय सभ्य मुलगी. विषय दिल्याशिवाय ती बोलत नसे.

"काहीही बोला! पण ओरडून बोला!"

त्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. एरवी याच मुली पाणी प्यायला थांबल्या की गोंगाटाने चर्चवरची कबुतरं उडतात.

माझ्या जिवाला मात्र तेव्हापासून जी हुरहुर लागली ती काही जाईना. मला एका जागी बसवेना. व्हिडिओत सांगितलं होतं की बचाव करताना गुडघे वाकवून बाजूला सरकत चालावं. मी सवय म्हणून घरात तसंच चालायला लागलो. स्वयंपाकघरातून ओसरीवर तसा, ओसरीवरून न्हाणीत तसा. ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्येही मी एकदा बाजूने सरकत शिरलो. साहेबांनी मला मूळव्याधीवरच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला.

"खेकड्यासारखं काय चाललंय?" माझी बायको फ्लॉसी म्हणाली. "एका जागी बस जरा. जेवताना तरी बस."

शेजारच्या केनीने कुवेतमध्ये अठरा वर्षं काढली आहेत. तिथे तो एसी दुरुस्त करायचा, पण परत आल्यापासून शेती, राजकारण, बाळंतपण अशा कुठल्याही विषयावर तो सल्ला देतो. तो कुंपणावरून म्हणाला, "गॉडफ्रे, तुझं चुकतंय कुठे सांगू? पोरी वेगवेगळ्या पळतात. त्यांना दोरीने बांध. एक हलली की सगळ्या हलल्या पाहिजेत. कुवेतमध्ये असंच करतात."

कुवेतमध्ये मुलींना दोरीने बांधतात का, हे विचारायला हवं होतं, पण बुडत्याला काडीचा आधार. मी नायलॉनची दोरी आणली आणि चौघींच्या कमरांना तीन-तीन हातांचं अंतर ठेवून बांधली. बॉल फेकला. स्टेफी उजवीकडे गेली, शर्लिन डावीकडे, आणि मधल्या दोघी हवेत. मग चौघी मिळून एका ढिगात आल्या. शर्लिनचे दोन्ही गुडघे सोलवटले, खुशीच्या चष्म्याची एक काडी गेली. टीम म्हणून मुलींनी एकत्र केलेली ती पहिली हालचाल होती, हे मी त्यांना समजावून सांगितलं, पण कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

संध्याकाळी शर्लिनची आजी पदर खोचून आमच्या अंगणात आली. "बांधून ठेवायला आमची पोर कोन बकरी हाय का? तू कोनाला विचारून दोरी लावली?" मी केनीकडे बघितलं. केनी त्या क्षणी केळीला पानी घालण्यात गढून गेला होता. हे 'पानी' आजींचं. पाऊण तास त्यांचं ऐकल्यावर माझाही ण गेला होता, तो दुसऱ्या दिवशी परत आला.

दोरीनंतर झाडू. समोरची टीम उंच असते, म्हणून उंच हातांची सवय व्हावी यासाठी सराव करणाऱ्यांच्या हातात लांब दांड्याचे झाडू द्यावेत, असं दुसऱ्या एका व्हिडिओत होतं. चर्चची झाडलोट आणि घंटा सेबेस्टियनकडे आहेत. त्याच्या खोलीतून मी पाच झाडू घेतले आणि तीन परत केले, कारण दोन मोडले. तिसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं. विषय : झाडूंचा झाडलोटीव्यतिरिक्त वापर. यापुढे झाडू हवे असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा. मी विहित नमुना मागायला फर्डिनंडकडे गेलो. तो अजून तयार नव्हता. तो पुढच्या बैठकीत मंजूर व्हायचा होता आणि पुढची बैठक सणानंतर होती.

"म्हणजे अर्ज करताच येत नाही?"

"येतो," फर्डिनंड शांतपणे म्हणाले. "पण नमुना नसताना केलेला अर्ज नामंजूर करावा लागतो."

दहा दिवस असे गेले. मग मी शेजारच्या गावाबरोबर दहा मिनिटांचा एक सराव सामना ठरवला. त्यांची क्रिस्टिना म्हणजे वारं पिऊन आलेलं वासरू. ती बॉल घेऊन शर्लिनसमोर आली आणि शर्लिन हसून चक्क बाजूला झाली. क्रिस्टिनानेही जाता जाता "थँक्यू" म्हटलं.

"शर्लिन! अडव तिला!"

"अंकल, तिची मम्मी माझी गॉडमदर आहे, बाप्तिस्म्याला तिने मला हातात धरलंय. तिला कशी अडवू? घरी काय सांगू?"

मी माणसं बदलली. स्टेफीला क्रिस्टिनासमोर ठेवलं, तर शर्लिनसमोर आलेली मुलगी तिची मावसबहीण निघाली. तिसरीसमोर तिची चुलत आत्या आली, वय चौदा. रात्री फ्लॉसीला घेऊन मी नात्यांचा तक्ता केला. पाच विरुद्ध पाच अशा पंचवीस जोड्यांमध्ये नातं नसलेल्या फक्त पाच निघाल्या आणि त्या पाचही खुशीच्या होत्या. एकटी खुशी पाच जणींना अडवू शकत नाही, हे कळायला कोच असावं लागत नाही. दहा मिनिटांत आमच्यावर चौदा पॉइंट झाले होते. सणाचा सामना चाळीस मिनिटांचा होता.

स्टेफी घरी आली, बूट काढले आणि कपाटावर टाकले. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "डॅडी, तू कॉलेजात स्कोअर लिहायचास ना? आजी बोलली."

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं ती ओरडेल. ती नुसती खाली बसली आणि रडायला लागली. माझ्या बढाईपायी पोरीचा एकुलता एक तास जाणार होता. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिच्या पाठीवर हात ठेवायचंही धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा झाल्यावर फ्लॉसीचा मोठा भाऊ मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. आला तोच म्हणाला, "बसत नाही हां, अजून चौदा घरं करायचीत." जेवणाची वेळ झाली होती. वसईत जेवणाच्या वेळी आलेला पाहुणा उपाशी परत गेला तर घराचं नाव जातं. पण चौदा घरं असलेला माणूस प्रत्येक घरी जेवला तर त्याचा जीव जातो. तेव्हा असा पाहुणा मनात पळायची वाट आखूनच येतो.

तो उठला. पण चपला जागेवर नव्हत्या, कारण माझी आई त्यांच्यावर बसली होती. तो अनवाणी पुढच्या दाराकडे वळला, तिथे फ्लॉसी हातात डाव घेऊन उभी. "ताट वाढलंय," ती म्हणाली. त्याने फ्लॉसीला डावीकडे हुलकावणी दिली आणि मागच्या दाराकडे सुटला. "मागे गेला!" आई ओरडली. स्टेफी मागच्या दारात आली. तो न्हाणीशेजारून अंगणात उतरला. "अंगणात!" स्टेफी ओरडली. पलीकडच्या घरातली मॅग्डलीन मावशी, जिचा या आमंत्रणाशी काडीचा संबंध नव्हता, हातातलं सूप टाकून धावली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली. तोवर फ्लॉसी पुढून वळसा घालून त्याच्या बगलेला आली होती आणि आई फ्लॉसीच्या जागी दारात. कोणी कोणाला काही शिकवलं नव्हतं. एकही बाई नुसती पाहुण्यामागे धावली नव्हती. जिची जागा रिकामी झाली तिची जागा दुसरीने घेतली होती. सगळ्या एकमेकींना ओरडून सांगत होत्या आणि कोणी त्याला बोटही लावलं नव्हतं.

मेहुण्याने दोन ताटं वाटाण्याचा रस्सा, भात आणि तळलेली सुरमई खाल्ली. मी जेवलो नाही. मी कागदावर चौकोन काढत होतो. समोर बघितलं तर स्टेफी माझ्याकडे बघत होती. तिच्याही ते लक्षात आलं होतं.

सोमवारी मी मुलींना म्हणालो, "क्रिस्टिनाला अडवायचं नाही. ती तुमच्या घरी आली आहे आणि न जेवता निघाली आहे."

बस्स. बॉल असलेल्या मुलीच्या अंगावर जाणारी ती चप्पल. तिच्या दोन बाजूंना पुढचं दार आणि मागचं दार. लांबच्या बाजूला मदतीला तयार ती ताट. बास्केटखाली फाटक. बॉल फिरला की कामं फिरायची, प्रत्येकीने आपलं नवं काम ओरडून सांगायचं. एका दिवसात मुली अशा सरकायला लागल्या की मी बघतच राहिलो. शर्लिन तर भिंत झाली. नातं जितकं जवळचं तितका आग्रह जास्त, हे तिला सांगावं लागलं नाही. खुशीने विचारलं, "अंकल, आमच्या घरी मेहमानला पहिला चाय देतात, चालेल?" मी तिला फाटक दिलं. तिथून चहा न पिता कोणी जात नव्हतं.

एकच गोष्ट जमेना. मुली ओरडत नव्हत्या. मी 'बोला! बोला!' ओरडायचो, त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज काही येत नव्हता. मग काय करणार, त्यांच्या वतीने मी ओरडायला लागलो. "चप्पल! खुशी, फाटक! मागचं दार उघडं आहे!" घसा बसला तेव्हा केनीने कुठूनसा भोंगा आणून दिला. भोंग्याने काम सोपं झालं. तीन दिवसांनी आगाशीच्या रस्त्यावरचा एक भाजीवाला मला विचारत होता, की तुमच्याकडचं मागचं दार अजून दुरुस्त झालं नाही का.

सणाच्या दिवशी कोर्टाच्या चारी बाजूंना दोन्ही गावं उभी होती. पंच म्हणून नालासोपाऱ्याचे हरेश सर आले होते. त्यांचं इथे कोणाशी नातं नव्हतं आणि त्यांच्या तोंडावर हसूही नव्हतं. त्यांनी सगळ्यात आधी माझा भोंगा जप्त केला.

मी भोंग्याशिवाय जमेल तेवढं केलं. अर्ध्या सामन्यापर्यंत नऊ. आमचे पाच, पण तिकडे कोणाचं लक्ष होतं? फर्डिनंड स्कोअरच्या टेबलाशी बसून प्रत्येक पॉइंट बोटावर मोजत होते. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा सोळा. क्रिस्टिना डावीकडून घुसली आणि मला मागचं दार सताड उघडं दिसलं. मी "दार! दार!" ओरडत धावलो. गुडघे वाकवून, बाजूने सरकत, अगदी शास्त्रशुद्ध. थांबलो तेव्हा मी कोर्टाच्या मधोमध स्टेफीच्या शेजारी होतो.

हरेश सरांनी शिट्टी मारली. प्रशिक्षकाचा तांत्रिक फाउल. क्रिस्टिनाला एक फ्री थ्रो मिळाला आणि तो आत गेला. सतरा.

आता मी हात पाठीमागे बांधून रेषेबाहेर उभा राहिलो, फक्त तोंड चालू ठेवलं. तीन मिनिटं राहिलोही. पण चाळीस सेकंद उरले असताना शर्लिन आणि स्टेफी एकमेकींवर आदळल्या, मी डोक्याला हात लावला, आणि मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. हरेश सरांना आठवत होतं. दुसरा तांत्रिक फाउल, आणखी एक फ्री थ्रो. अठरा. शिवाय दुसऱ्या फाउलला प्रशिक्षक मैदानाबाहेर. आमच्या खुशीने सबंध सामन्यात दोन पॉइंट केले होते. मीही दोन केले, पण त्यांच्यासाठी.

बाहेर म्हणजे कंपाउंडच्या बाहेर. दोन गावांच्या देखत मी चालत गेलो. फ्लॉसीने चेहरा रुमालाने झाकला होता. सेबेस्टियनने माझ्यामागे दरवाजा लावला आणि कडी घातली. दोन झाडूंचा हिशेब पूर्ण झाल्याचं समाधान मला त्या कडीत ऐकू आलं.

भिंत दीड पुरुष उंच, वर काचा. शेजारच्या गावचा टेम्पो उभा होता, त्याच्या मागच्या पायरीवर मी बसलो. बॉल त्यांच्याकडे, चाळीस सेकंद, एक बास्केट झाली की वीस. दिसत तर काहीच नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. आत शिट्टी वाजली.

पहिल्यांदा फक्त बॉल आपटल्याचा आवाज आला. मग एक आवाज, खणखणीत.

"चप्पल! मी चप्पल!" ती शर्लिन होती.

"पुढचं दार आहे!"

"फिरला! स्टेफी, तू चप्पल, मी ताट!"

"फाटक इधर है, आने दो, आने दो उसको!" ही खुशी. खुशी! विषय न देता!

"मागे गेली! मागे!"

"आले! सोडू नको तिला!"

"हात वर! हात वर!"

पाच आवाज होते, प्रत्येक वेगळा ऐकू येत होता. त्यात एक माझ्या मुलीचा. तो मी तिच्या जन्मापासून ऐकत आलो होतो, पण असा कधीच ऐकला नव्हता. ती घाबरलेली नव्हती. ती घर सांभाळत होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी उठलोही नाही. पाय एकदाचे एका जागी राहिले होते.

मग लांब शिट्टी झाली आणि एकच गलका उठला. पण दोन गावांचा गलका, त्यात आनंद कोणाचा ते भिंतीबाहेरून कसं कळणार? मी दरवाजा वाजवला. कोणी उघडला नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक. कडी निघाली आणि स्टेफी बाहेर आली. घामाने निथळत होती, कोपर फुटलं होतं.

"अठराच," ती म्हणाली. "तास आपला. फर्डिनंड अंकलनी सही केली."

मी तिला घट्ट धरलं. मग नाही म्हटलं तरी मान जरा ताठ झाली. साडेतीन आठवड्यांचे कष्ट होते, माणसाला काहीतरी वाटणारच.

"बघ," मी म्हणालो, "बोला, बोला म्हणून मी सांगत होतो ना? शेवटी बोललात!"

स्टेफीने बुटाच्या टोकाने जमीन उकरली. "डॅडी, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"आम्ही रोज बोलायचो. चप्पल-फाटक सुरू झालं त्या दिवसापासून. तुझ्या आवाजात आम्हाला एकमेकींचं ऐकूच यायचं नाही. आज तू बाहेर गेलास आणि एकदम सगळ्यांचं ऐकू आलं."

मी परत टेम्पोच्या पायरीवर बसलो. सरकून तिला जागा केली. ती बसली आणि त्या चाळीस सेकंदांत कोण कुठे होतं, कोणी काय ओरडलं, क्रिस्टिना कशी वळली, ते सगळं सांगायला लागली. चाळीस सेकंदांचं सांगायला तिला पाऊण तास लागला. मी एकदाही मध्ये बोललो नाही.